देशी बियाणं जपायचं कुठे, जीन बँकेत की गावातल्या मडक्यात?

दिल्लीच्या एनबीपीजीआर या सरकारी संस्थेच्या जीन बँकेत, म्हणजे बियाण्यांच्या साठ्यात, बी नीट वाळवून, पाकिटात सील करून उणे १८ डिग्रीला ठेवतात, मग ते कितीतरी वर्षं टिकतं. चार लाखांहून जास्त नमुने आहेत तिथे! ब्रीडरला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याला, हेच लागतं. भातावरच्या ग्रासी स्टंट व्हायरसचंच बघा ना, फिलिपिन्सच्या इरी या भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले तेव्हा आपल्या यूपीतल्या एका जंगली भातात प्रतिकार सापडला आणि तोच जीन पुढे आयआर ३६ या भाताच्या वाणात आला. तो नमुना कोणी जपलाच नसता तर?

आता अकोले तालुक्यातलं कोंभाळणे घ्या. देशी बियाणं जपणाऱ्या तिथल्या राहीबाई पोपेरेंकडचं बी मडक्यात राहतं आणि परत शेतात पेरलं जातं, त्यामुळे वाण बदलत्या पावसाशी जुळवून घेत राहतो, फ्रीजरमधलं बी मात्र तिथेच थांबलेलं. शिवाय कुठला वाल कधी टोकायचा, भाजी कशी लागते हेही सोबत टिकतं. पण एखादा दुष्काळ पडला किंवा कीड लागली की सगळं जाऊ शकतं.

माझ्या मते पेरायला मडकंच बरं, पण प्रत्येक वाणाची एक पुडी जीन बँकेत गेलीच पाहिजे, आणि देताना गाव, जमीन, पेरणीचा महिना लिहून द्या, नाहीतर ब्रीडरला त्यात काय शोधायचं तेच कळत नाही.