बास्केटबॉल-रेफरन्सची दोन फुकट पानं: एनबीएचा अर्धा हंगाम सरल्यावर काय वाचायचं, काय सोडायचं

जानेवारीच्या मध्यावर एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) बहुतेक संघांचे ८२ पैकी ४१ च्या आसपास सामने झालेले असतात आणि ‘एमव्हीपी (हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू) कोण, फायनलला कोण’ या वादाला ऊत येतो. वादात नुसत्या आवाजाऐवजी आकडे हवे असतील, तर बास्केटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर दोन पानं पैसे न मोजता बघता येतात. एक प्लेऑफच्या (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) शक्यतांचं, दुसरं एमव्हीपी ट्रॅकर. माझ्याकडून पहिल्याला पाचपैकी चार गुण, दुसऱ्याला अडीच.

प्लेऑफच्या पानामागचं गणित सरळ आहे. उरलेला हंगाम संगणकावर हजारो वेळा खेळवायचा आणि कोणता संघ किती वेळा कुठल्या क्रमांकावर आला ते मोजायचं. संघाची ताकद ठरते एसआरएसवरून, म्हणजे दर सामन्यातला सरासरी गुणफरक आणि त्यात प्रतिस्पर्धी किती तगडे होते याची भर-वजावट. यामुळेच हे पान गुणतालिकेपेक्षा शहाणं ठरतं. ढोबळ हिशेब असा, की गुणफरकातला एक गुण पूर्ण हंगामात साधारण अडीच-पावणेतीन विजयांच्या बरोबरीचा. +३ चा संघ ४९ विजयांच्या आसपास जातो. आता एखादा संघ २६-१५ (२६ विजय, १५ पराभव) असेल आणि गुणफरक जेमतेम +१ असेल, तर त्याने दोन-तीन गुणांनी सुटणारे सामने भरपूर जिंकलेत एवढंच समजायचं. उरलेल्या ४१ मध्ये तसं होईलच असं नाही. पान त्याचे अंदाजे विजय कमी दाखवतं, चाहते चिडतात, आणि बहुतेक वेळा पानच बरोबर निघतं.

या तक्त्यात सगळ्यात कामाचे रकाने क्रमांकांचे आहेत. १ ते ६ ची टक्केवारी स्वतः बेरीज करून बघा, कारण ईस्ट आणि वेस्ट या दोन्ही गटांत सहावा थेट प्लेऑफमध्ये जातो आणि सातवा प्ले-इनमध्ये (सातव्या ते दहाव्या संघांच्या, उरलेल्या दोन जागांसाठीच्या सामन्यांत) अडकतो. प्ले-इनचं गणितही विषम आहे. सामने अगदी ५०-५० धरले तरी सातव्या-आठव्याला दोन संधी असल्याने ७५ टक्के शक्यता, नवव्या-दहाव्याला दोन्ही सामने जिंकावे लागत असल्याने २५ टक्के. ही रेघ किती बारीक असते ते २०२४-२५ च्या वेस्टमध्ये दिसलं. लेकर्स, नगेट्स आणि क्लिपर्स तिघेही ५०-३२, टिंबरवूल्व्ज ४९-३३, वॉरियर्स आणि ग्रिझलीज ४८-३४. तिसरा क्रमांक आणि प्ले-इन यांच्यात फक्त दोन विजयांचं अंतर! अशा गर्दीत ‘आमचा संघ चौथा येणार’ म्हणण्याला काही अर्थ नसतो. ‘पहिल्या सहांत येण्याची शक्यता ५५ टक्के’ हेच खरं उत्तर.

विजेतेपदाचा रकाना मात्र फेब्रुवारीतली ट्रेड डेडलाइन (संघांनी खेळाडूंची अदलाबदल करण्याची शेवटची तारीख) उलटेपर्यंत झाकून ठेवलेला बरा. पान मागचे सामने बघतं, आजचा संघ नाही. २०२५ मध्ये जिमी बटलर येण्याआधी वॉरियर्स २५-२६ होते, म्हणजे हंगामअखेर ४० विजयांची चाल. तो आल्यावर २३-८. जुन्या ५१ सामन्यांचं ओझं घेऊन चालणारं कुठलंही गणित असा बदल उशिराच पकडतं. त्याच महिन्यात मॅव्हरिक्सचा लुका डॉन्चिच लेकर्सकडे गेला आणि मॅव्हरिक्स ३९-४३ वर संपून प्ले-इनमध्येच बाद झाले. दुखापतींचंही तेच. आणि काही गोष्टी कोणालाच दिसत नाहीत: २०२३ ची मायामी हीट नियमित हंगामात उणे गुणफरकाची होती, प्ले-इनचा पहिला सामनाही हरली, तरी फायनलला पोचली. तेव्हा १ टक्का म्हणजे शून्य नव्हे.

एमव्हीपी ट्रॅकर जुन्या मतदानावर बेतलेला आहे. मतदारांनी आजवर कोणत्या आकड्यांना कौल दिला, यावरून यंदाच्या दहा जणांना किताब मिळण्याच्या शक्यतेची टक्केवारी मिळते. त्यात ‘सर्वोत्तम कोण’ शोधू नका. आणि ही टक्केवारी मतांचा वाटाही नाही. प्रत्यक्षात १०० पत्रकार पाच-पाच नावं देतात, गुण १०-७-५-३-१. २०२४-२५ मध्ये शे गिल्जस-अलेक्झांडरला ७१ आणि योकिचला २९ पहिल्या पसंतीची मतं पडली, पण गुण ९१३ आणि ७८७. दोन नंबरवाला दिसतो तितका मागे नसतो.

ट्रॅकर वाचताना खरी खबरदारी सामन्यांच्या रकान्याची. २०२३-२४ पासून एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू, सर्वाधिक सुधारणा आणि ऑल-एनबीए (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड) यांसाठी ६५ सामन्यांची अट आहे, म्हणजे १७ पर्यंत गैरहजेरी चालते. संघाच्या ४१ सामन्यांपैकी खेळाडूने ३० खेळले असतील तर ११ गेले, शिल्लक ६. आठवड्याला तीन-चार सामने धरले तर ही जेमतेम दोन आठवड्यांची शिल्लक. हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूची) एक बऱ्यापैकी दुखापत ती खाऊन टाकते. आणखी एक खाच: अटीत मोजायला किमान २० मिनिटं खेळावं लागतं (१५ ते २० मिनिटांचे फक्त दोन सामने चालतात). बाराव्या मिनिटाला लंगडत बाहेर गेलेल्याचा सामना तक्त्यात दिसतो, अटीत नाही. त्यामुळे कमी मिनिटांचे सामने गेम लॉगमधून (खेळाडूच्या सामनानिहाय नोंदींतून) वेगळे काढा. जानेवारी २०२४ अखेर एमव्हीपीच्या शर्यतीतला एम्बीड दर सामन्याला ३५ गुण काढत होता; गुडघा गेला आणि हंगाम ३९ सामन्यांवर थांबला. वेम्बान्यामाचा बचावपटूचा किताब पुढच्या वर्षी असाच ४६ सामन्यांवर हुकला आणि इव्हान मोब्लीकडे गेला.

बाकी पुरस्कारांना ट्रॅकर उपयोगाचा नाही; तिथे स्वतःच डोकं चालवावं लागतं. रूकी (सर्वोत्तम नवोदित) आणि सिक्स्थ मॅन (सर्वोत्तम राखीव खेळाडू) या पुरस्कारांना ६५ ची अट लागू नाही, एवढं लक्षात ठेवा.

मोबाइलवर दोन्ही तक्ते रुंद पडतात, आडवं सरकवताना संघाचं नाव कोणतं ते हरवतं. ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’मधून सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये घ्या आणि दर आठवड्याची फाइल जपून ठेवा. एका दिवसाच्या टक्केवारीपेक्षा चार आठवड्यांत ती कुठे सरकली हे जास्त सांगतं. हिवाळ्यात सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होऊन जवळपास अकरापर्यंत चालतात, तेव्हा सकाळच्या चहाबरोबर बघितलेले आकडे आदल्या दिवशीच्या सामन्यांपर्यंतचेच असतात.