प्रेक्षक आणि बघ्या

‘प्रेक्षक’ आणि ‘बघ्या’ या दोन्ही शब्दांचा अर्थ पाहणारा असाच असला, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘प्रेक्षक’ हा तत्सम शब्द ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘ईक्ष्’ हा धातू यांपासून बनला असून निरीक्षक, परीक्षक, समीक्षक ही त्याचीच भावंडे होत. तिकीट काढून तिसऱ्या घंटेपूर्वी खुर्चीत बसतो तो प्रेक्षक. खेळ त्याच्यासाठीच मांडलेला असतो, म्हणून रंगभूमीवर त्याला ‘मायबाप’ म्हणतात.

‘बघ्या’ मात्र ‘बघणे’ या रोजच्या क्रियापदापासून घडला आहे. रस्त्यात दुचाकी घसरते, पिशवीतले दूध डांबरावर पसरते आणि पडलेल्या माणसाभोवती कडे करून जे उभे राहतात, ते बघे. हात देणे शक्य असूनही ते नुसते पाहत राहतात, आणि ‘बघ्याची भूमिका घेतली’ या वाक्प्रयोगातला ठपका तेथूनच येतो. अपघाताच्या बातमीत ‘प्रेक्षकांची गर्दी’ असे लिहिलेले मला फार खटकते, कारण त्या एका शब्दाने कुणाच्या तरी वेदनेचा खेळ होतो. रूपेही निराळी आहेत: एक बघ्या, अनेक बघे, पण ‘बघ्यांची गर्दी’; ‘प्रेक्षक’ मात्र अनेकवचनातही तसाच राहतो.