शमीका कोपलंडचा पहिला अल्बम: वडिलांचं गाणं, गिटारशिवाय

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं गाणं, गाणाऱ्या शमीकाचा 'टर्न द हीट अप' मी घेतला तो तिच्यासाठी नव्हे, तिच्या वडिलांसाठी. जॉनी कोपलंडची टेक्सास ढंगाची गिटार मी आधी ऐकली ती 'शोडाउन!'मध्ये. १९८५ चा हा अल्बम. अल्बर्ट कॉलिन्स आणि रॉबर्ट क्रे हे दोन ब्लूज गिटारवादक बरोबरीला, आणि या अल्बमला ग्रॅमीही मिळालं. त्यामुळे मुलीचा अल्बम लावला तेव्हा कान गिटारच शोधत होते. शमीका गिटार वाजवत नाही, फक्त गाते. पहिली काही गाणी मी जरा नाराजीनेच ऐकली.

आवाज मात्र थक्क करतो. छातीतून येणारा, रुंद, कडेला किंचित खरखर असलेला. वरचा स्वर घेताना ती आवाज बारीक करत नाही, तेवढाच भरीव ठेवून वर नेते. १९९८ साली हा अल्बम शिकागोच्या अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्सने काढला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

तक्रार एकच. जलद गाण्यांत ती सुरुवातीपासूनच पूर्ण ताकद लावते. ठसका छान आहे, पण अशी तीन-चार गाणी लागोपाठ आली की पुढे चढायला जागाच उरत नाही.

आणि मग 'घेटो चाइल्ड' येतं. गाणं वडिलांचं, लय संथ. हे मी त्या दिवशी चार वेळा ऐकलं.

जॉनी कोपलंड १९९७ च्या जुलैत गेले. त्याआधी हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया झाली होती. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये त्यांनीच तिला लहानपणी स्टेजवर नेलं होतं. पुढे ते आजारी असताना त्यांच्या कार्यक्रमाची सुरुवात ती गाऊन करायची. तिला वाटायचं, आपण बाबांना हातभार लावतोय. खरं तर ते आपल्यासाठीच दौरे करत होते, असं तिने नंतर सांगितलं आहे. हे माहीत असेल तर या गाण्यातला तिचा संयम अंगावर येतो.

आधी एक ओळ गायची, मग गिटारने तिला उत्तर द्यायचं, ही ब्लूजची जुनी रीत. वडील दोन्ही कामं स्वतःच करत. इथे ती ओळ म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात घाई अजिबात नाही. गिटारचं बोलणं पूर्ण होऊ देते, मगच पुढचा शब्द उचलते. जलद गाण्यांत ती ताकद दाखवते. इथे ती वाट बघते. वडिलांची तालीम मला ऐकू आली ती या जागांमध्ये.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण 'घेटो चाइल्ड' आधी लावा. नंतर तिच्या २०२० च्या 'अनसिव्हिल वॉर'मधलं शेवटचं गाणं, 'लव्ह साँग', ऐका. तेही वडिलांचंच. तिथे तिचा आवाज कितीतरी सैल झालाय.