बिलावर ४५०ची स्प्रिंग, सायकलवर ३५०चीच

पुण्यात डाउनहिल (डोंगरउतारावरून वेगात) सायकल चालवणारे मोजके, आणि स्वतःचं सस्पेन्शन उघडून बघणारे त्याहून मोजके. काही वर्कशॉप नेमकी याच्यावरच चालतात. माझे साडेनऊ हजार कसे गेले ते सविस्तर लिहितोय, कारण त्याच ठिकाणी आणखी एकाला असाच अनुभव आल्याचं नंतर कळलं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

सायकल सेकंडहँड घेतलेली. पुढे २०० मिमी दबणारा डबल क्राउन फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या, दबणाऱ्या दोन नळ्या), मागे २५० बाय ७५ चा कॉइल शॉक (स्प्रिंगवाला शॉक-अ‍ॅब्सॉर्बर). म्हणजे दोन्ही टोकांच्या बोल्टांमधलं अंतर २५० मिमी आणि शॉक दबतो जास्तीत जास्त ७५ मिमी. आधीचा मालक सडपातळ होता, त्याला ३५०ची स्प्रिंग पुरायची. (३५० म्हणजे एक इंच दाबायला ३५० पौंड जोर लागतो.) मी हेल्मेट, पॅड, बूट चढवून नव्वद किलोच्या घरात. नुसता पेडलवर उभा राहिलो तरी शॉक २६ मिमी खाली जायचा, म्हणजे ३५ टक्के सॅग (नुसत्या वजनाने येणारा दाब). डाउनहिलला मागचा सॅग तीस टक्क्यांच्या आसपास ठेवतात. मनालीला जायचं ठरत होतं, त्याआधी ४५०ची स्प्रिंग घालून घ्यावी आणि फोर्कची सर्व्हिसही उरकावी, असा बेत.

वर्कशॉप दिसायला एकदम झकास. भिंतीवर ओळीने टांगलेले पान्हे, काचेत परदेशी डबे, मालक गोड बोलणारा. "सर, निश्चिंत राहा, लोण्यासारखी चालेल." स्प्रिंगचे साडेपाच हजार, फोर्कची सर्व्हिस नव्या सीलसकट (आतलं तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा) आणि वर 'ट्रॅक ट्यूनिंग' धरून चार हजार. सायकल घ्यायला गेलो तर शॉकवर मॅट काळी स्प्रिंग, तिच्यावर ४५०चं स्टिकर. मला हेल्मेट-पॅड घालून सायकलवर उभं केलं, शॉकला टेप लावला. २५० चे २२८ झाले. "बघा सर, २२ मिमी. एकोणतीस टक्के. परफेक्ट." सोबत एक छापील कार्ड, त्यावर रिबाउंड आणि कॉम्प्रेशनचे क्लिक लिहिलेले (सस्पेन्शन किती वेगाने परत यावं आणि दबावं हे ठरवणाऱ्या नॉबचे खटके). आकडा डोळ्यांसमोर मोजून दाखवल्यावर शंका घ्यायला जागा कुठे राहते?

फसवणुकीची खरी करामत त्या २२ मिमीत होती, म्हणून इथे जरा थांबतो. कॉइल शॉकला स्प्रिंगच्या वर एक फिरवायची कॉलर असते. ती आवळली की स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते. याला प्रीलोड म्हणतात. प्रीलोड वाढवला की सॅग कमी दिसतो, पण स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही वाढत नाही. ३५०ची स्प्रिंग कितीही आवळा, ती ३५०चीच. त्यामुळे उभं राहून मोजलं की आकडा देखणा येतो आणि उतारावर दोन्हीकडून मार बसतो: बारीक खडीवर मागचं चाक कडक, कारण सुरुवातीचा प्रीलोड ओलांडल्याशिवाय शॉक हलतच नाही, आणि जरा मोठ्या ड्रॉपवरून उतरलं की धाडकन तळ गाठतो. आपल्याकडच्या मुरुमाने झाकलेल्या काळ्या दगडावर तर हा फरक लगेच पायांत जाणवतो.

मला तो पहिल्याच उतारावर जाणवला. मालकाला फोन केला. "सर, नवी स्प्रिंग आहे, बसायला वेळ लागेल." स्टीलची स्प्रिंग 'बसते' हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

घरी कॉलर सैल करायला घेतली. एखाद-दोन फेऱ्यांत ती मोकळी व्हायला हवी, इथे पाच फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे स्प्रिंग हाताला हलली. कॉलर एका फेरीवर ठेवली (माझ्या शॉकला एक फेरी म्हणजे साधारण एक मिमी) आणि पुन्हा मोजलं. २६ मिमी. जुन्या स्प्रिंगला यायचा तोच आकडा. खरी ४५०ची असती तर २० च्या आसपास यायला हवा होता.

तरी म्हटलं, पुरावा हवा. भोसरीत एका मित्राची फॅब्रिकेशनची शेड आहे, तिथे हाताने दाबायचा प्रेस आहे. खाली घरातला वजनकाटा ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी केली आणि व्हर्नियर लावून बरोबर अर्धा इंच दाबली. ४५०ची असेल तर काट्यावर १०२ किलो यायला हवेत, ३५०ची असेल तर ७९. आले ऐंशी. मित्राने मग स्प्रिंगच्या टोकाशी पॉलिश पेपर घासला. मॅट काळ्याखालून नारिंगी रंग निघाला. माझ्या जुन्या स्प्रिंगचा. माझीच स्प्रिंग रंगवून मलाच साडेपाच हजारांना विकली होती!

आता फोर्कचं काय केलं असेल हे उघडच होतं. बोल्ट सैल झाला तर नजरेला यावं म्हणून मी फोर्कच्या तळाच्या दोन्ही बोल्टांवर, बोल्ट आणि फोर्कचा पाय (खालची नळी) दोन्हींना धरून, नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवतो. हे बोल्ट काढल्याशिवाय खालचे पाय निघत नाहीत, आणि पाय निघाल्याशिवाय सील बदलता येत नाहीत. दोन्ही रेघा अखंड होत्या. उघडल्यावर आतून चमचाभर राखाडी तेल निघालं, सीलखालचे स्पंज कोरडेठाक. बाहेरून मात्र सिलिकॉन स्प्रे मारून सगळं चकचकीत केलेलं. ट्यूनिंग कार्डवर रिबाउंड '२० क्लिक' होते. माझ्या फोर्कचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत १६ क्लिकच फिरतो.

वजनकाट्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मालक आधी म्हणाला, रायडिंग स्टाइलचा फरक आहे. मग म्हणाला, पोराने चुकून केलं. चुकून रंग कसा लागतो, यावर उत्तर नव्हतं. स्प्रिंगचे पैसे त्याने यूपीआयने परत केले, वर "रिव्ह्यू टाकू नका सर" अशी विनंती. सर्व्हिसचे चार हजार द्यायला मात्र साफ नकार.

तुम्ही शॉक किंवा फोर्क कुठे देणार असाल तर देण्याआधी स्प्रिंगवरच्या आकड्याचा फोटो काढा, तळाच्या बोल्टांवर रेघ ओढा, आणि काढलेले सील व जुनी स्प्रिंग परत हवी असं आधीच सांगा. नुसतं एवढं बोलल्यावर काही दुकानदारांचे चेहरे बदलतात, तेही बघण्यासारखं असतं. सॅग मोजून दाखवला तर त्याच वेळी कॉलरच्या किती फेऱ्या आवळल्यात ते विचारा. दोनाच्या वर असेल तर स्प्रिंग चुकीची आहे. बिलावर 'सस्पेन्शन काम' असं मोघम लिहू देऊ नका, स्प्रिंगचा आकडा आणि सील किटचं नाव लिहून घ्या. माझ्या बिलावर '४५० स्प्रिंग' असं स्पष्ट होतं म्हणूनच तेवढे पैसे सुटले. फोर्कपुढे फक्त 'फुल सर्व्हिस' लिहिलंय आणि तो त्याच्यावरच अडून बसलाय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.