स्वतःला इजा करण्यातून सावरताना: अनुभवकथन की सरावपुस्तिका?

खर्चात अनुभवकथन, म्हणजे यातून गेलेल्या कुणी लिहिलेलं पुस्तक, सरस. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात मिळालं तर वर्गणीतच भागतं. सरावपुस्तिका, म्हणजे स्वतः भरायच्या सरावांचं पुस्तक, विकत घ्यावी लागते, कारण तिच्यात लिहायचं असतं. (घरच्यांच्या हाती लागण्याची धास्ती असेल तर वेगळी वही करा.)

स्वतःला इजा करण्याची ऊर्मी उसळते तेव्हा मात्र वाचन होत नाही. पुस्तिकेत आधी लिहून ठेवलेलं पानच कामी येतं: ऊर्मी कशाने येते, पहिली १५ मिनिटं कशी काढायची, कुणाला फोन करायचा. ते पान शांत असताना भरायचं राहून जातं, तिथंच पुस्तिका फसते. अनुभवकथनातली जखमांची वर्णनं ऊर्मी वाढवू शकतात. ती पानं सरळ गाळा.

एकटं वाटत असेल तर अनुभवकथन. सवय मोडायची असेल तर पुस्तिका, शक्यतो समुपदेशकासोबत. ऊर्मी आवरेनाशी झाली तर दोन्ही बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा: मोफत, चोवीस तास, मराठीतही. जखम झाली असेल तर थेट रुग्णालय गाठा.