बागेतल्या तळ्यात न सोडलेले मासे दिसले तर 'ओळखून देतो' म्हणणाऱ्याला आधी पैसे देऊ नका

बागेत बेडूक, चतुर, पक्षी यावेत म्हणून ज्यांनी मुद्दाम बिनमाशांचं तळं ठेवलंय त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्याशी जे झालं तेच थोड्याफार फरकाने ओळखीतल्या आणखी एका घरीही झालंय, आणि माणूस तोच.

झालं असं की तळ्यात अचानक छोटे छोटे मासे दिसायला लागले. काळपट, ब्राँझसारखे, वरून बघितलं तर शेवाळात नुसत्या सावल्या हलतायत असं वाटावं. आम्ही एकही मासा सोडला नव्हता. आधी वाटलं टॅडपोल, म्हणजे बेडकाची पिल्लं असतील, पण टॅडपोलचं डोकं-पोट एकच गोळा असतो आणि मागे शेपटी, हे तर सरळ मासे होते, पर वगैरे सगळं. मग ज्याच्याकडून पाणवनस्पती घेतल्या होत्या त्याच 'पॉन्ड कन्सल्टंट'ला व्हिडिओ पाठवला, कारण साहजिकच दुसरं कोण डोळ्यासमोर येणार.

लगेच फोन. "मॅडम, हे तिलापिया आहेत, डेंजर आयटम आहे, बदकांच्या पायाला अंडी चिकटून येतात, आत्ता काही केलं नाही तर तुमचं तळं संपलं समजा." मग येऊन बघायचा चार्ज, त्यानंतर रिपोर्टचा चार्ज वेगळा, आणि त्यावर 'ट्रीटमेंट'चा अॅडव्हान्स, ज्यात औषध टाकून सगळे मासे मारायचे, पाणी उपसायचं आणि नवीन 'फिश-फ्री' झाडं लावायची, जी अर्थात तोच देणार. बोलणं इतकं गोड आणि इतकं घाईचं की मधे प्रश्न विचारायला जागाच नाही.

तो आला, जाळीने काही मासे काढले आणि काळ्या बादलीत टाकले. हे लक्षात ठेवा, काळी बादली. काळ्या बादलीत वरून बघितलेला कुठलाही लहान मासा कुठल्याही जातीचा सांगता येतो. बादली घेऊन गेला आणि संध्याकाळी रिपोर्ट आला, वर 'लॅब व्हेरिफाइड' वगैरे, खाली 'मोझांबिक तिलापिया', सोबत फोटो. फोटोतल्या माशाच्या मागे निळी खडी. आमच्या तळ्यात निळी खडी नाही, तळाला चिखल आणि कुजलेली पानं आहेत. मुलगी म्हणाली, आई हा फोटो कुठल्यातरी अॅक्वेरियममधला आहे, आणि तिथून शंका सुरू झाली. तोवर अॅडव्हान्स गेला होता.

मग आम्ही एक मासा स्वच्छ काचेच्या बरणीत घेतला, बाजूला पट्टी उभी केली आणि बाजूने, उजेडात, फोटो काढले. तिलापियाच्या पाठीवरचा पर लांबलचक असतो आणि त्याच्या पुढच्या भागात टोकदार काट्यांची रांगच असते, शेपटीला खोल खाच नसते. आमच्या माशाची शेपटी चक्क दुभंगलेली, काट्यांची रांग कुठेच नाही. तोंडाजवळ मिशा पण नव्हत्या, म्हणजे कोई (शोभेचा रंगीत कार्प) किंवा साधा कार्प नाही, कारण त्यांना मिशांच्या दोन जोड्या असतात. राहता राहिला गोल्डफिश. केशरी नव्हता म्हणून आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, पण गोल्डफिशची पिल्लं सुरुवातीला अशीच काळपट असतात, रंग नंतर काही महिन्यांत बदलतो आणि काहींचा तर कधीच बदलत नाही. पुढे बरणीतल्याच एकाच्या पोटाकडे केशरी डाग उगवला, मग विषयच संपला.

आता खरी गंमत बघा. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्लंसुद्धा सुरुवातीला तोंडात सांभाळते. मग ती अंडी बदकाच्या पायाला चिकटणार कशी? म्हणजे त्याने दिलेलं नाव आणि त्यानेच दिलेलं कारण एकमेकांशी जुळतच नव्हतं. पक्ष्यांमार्फत मासे येऊच शकत नाहीत असं नाही हं, हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्पची अंडी खाऊ घातली होती, 2020 मध्ये ते छापून आलं, आणि हजारातली साधारण दोन अंडी विष्ठेतून शाबूत बाहेर पडली. पण ज्या तळ्यात नुकतीच विकतची झाडं गेलीत तिथे आधी झाडांकडेच बघावं. गोल्डफिशची अंडी चिकट असतात, जेमतेम दीड मिलिमीटरची, पारदर्शक, पानाच्या खालच्या बाजूला असली तर कोणाला दिसणार, आणि कोमट पाण्यात आठवड्याभरात फुटतात. या कन्सल्टंटची झाडं गोल्डफिशच्याच टाकीत ठेवलेली असतात हे ओळखीतल्या त्या दुसऱ्या घरच्या ताईंनी स्वतः बघितलेलं. म्हणजे मासे त्यानेच दिले आणि घालवायचे पैसेही त्यालाच.

त्याला विचारलं तर आधी म्हणाला तुम्ही दुसराच मासा पकडला असेल, मग म्हणाला रिपोर्ट लॅबचा आहे मी काय करू, लॅबचं नाव विचारलं तर ब्लॉक. बादलीतले मासे कुठे गेले देव जाणे, माझ्या मते परत विकायलाच गेले असणार.

पैसे गेले ते गेले, पण मला जास्त राग औषधाचा येतो. मासे मारायला रोटेनॉनसारखी औषधं वापरतात, ती कल्ल्यांमधून आत जातात, आणि टॅडपोल, चतुराच्या अळ्या यांनाही सोडत नाहीत. बऱ्याच देशांत परवानगीशिवाय ते पाण्यात टाकताच येत नाही. ज्यांच्यासाठी तळं केलं तेच मेले असते. नशीब, बाटली यायच्या आत फोटोचा घोळ कळला. गोल्डफिश टॅडपोल खातात त्यामुळे ठेवायचे नव्हतेच, ते आम्ही बारीक जाळीने हळूहळू काढून टाकी असलेल्यांना दिले. नदीत, ओढ्यात सोडू नका प्लीज, कितीही दया आली तरी.

तुमच्याकडे असं काही निघालं तर बाजूने काढलेला फोटो, शेजारी पट्टी, तोंड-शेपटी-पाठीवरचा पर स्पष्ट, एवढं घेऊन अशा कोणाला तरी दाखवा ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही. तोंड वरच्या बाजूला वळलेलं आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारे बारके मासे असतील तर गॅम्बुसिया असू शकतो, डासांसाठी म्हणून लोक सोडतात तो, थेट पिल्लं देतो त्यामुळे एक गाभण मादी पुरते, आणि बेडकांच्या पिल्लांचा वैरी आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले बाहेर दिसत असतील तर तो मासाच नाही, न्यूटचं (बेडकासारखाच पण शेपटीवाला उभयचर) पिल्लू असू शकतं, त्याला हात लावू नका. आणि नवीन झाडं आणली की आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, अंडी असतील तर तिथेच फुटतील.

पेमेंट अॅपकडे तक्रार टाकलीय, अजून उत्तर नाही. तो मात्र आता दुसऱ्या नंबरवरून 'फ्री फिश आयडेंटिफिकेशन' असे मेसेज पाठवतोय. रिपोर्टचा नमुना तोच आहे, निळ्या खडीचा फोटोही तोच.