कोव्हिड वॉर्डाच्या ड्युटीसाठी एन-९५: कोणता घ्यावा, आणि तो वाया कसा जातो

एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण, ९५ टक्के गाळण, हे एमबीबीएसच्या मुलांना झोपेत उठवून विचारलं तरी येतं. घोटाळा होतो मास्क तोंडावर चढवताना, आणि जो जास्त घाबरलेला असतो त्याचाच जास्त. म्हणून इथे गाळणक्षमतेपेक्षा चेहऱ्यावरच्या बैठकीला जास्त गुण दिले आहेत.

थ्रीएम कंपनीचा १८६० हा वाटीच्या आकाराचा, डोक्यामागे दोन पट्टे असलेला सर्जिकल एन-९५. १२० मिमी पाऱ्याच्या दाबाने उडालेले शिंतोडे तो अडवतो. लहान चेहऱ्यासाठी १८६०एस वेगळा मिळतो. कॉलेजच्या स्टोअरने सरसकट एकच साइझ वाटला, तर बारीक चेहऱ्याच्या मुलामुलींच्या गालाशी फट राहते. दिसायला तसाच असलेला त्याच कंपनीचा ८२१० गाळतो तेवढंच, पण तो मूळचा कारखान्यातल्या धुळीसाठीचा, शिंतोड्यांसाठी नाही. स्वॅब घेताना वर फेस शील्ड हवंच. तीन भागांचा, घडीचा ऑरा १८७०+ आम्हाला सगळ्यात पसंत: बोलताना नाकावरून कमी सरकतो, तासभर केस प्रेझेंट करायची असेल तर हाच घ्या.

कानाला अडकवायचा केएन९५ (चिनी मानकाचा मास्क) कागदावर बरोबरीचा वाटतो, पण कानांच्या आधाराने मास्क चेहऱ्यावर हवा तसा दाबला जात नाही. एन-९५ला मान्यता देते ती नायॉश ही अमेरिकी सरकारी संस्था; कानाच्या दोऱ्यांचा मास्क कुणी ‘नायॉशमान्य एन-९५’ म्हणून विकत असेल, तर तो नकली समजा. अस्सल मास्कवर टीसी-८४ए ने सुरू होणारा मान्यता क्रमांक छापलेला असतो. व्हॉल्व्हवाला तर नकोच. त्यातून आपला उच्छ्वास न गाळता बाहेर जातो. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना हेच कळवलं होतं.

घालताना वरचा पट्टा डोक्याच्या माथ्यावर, खालचा कानांखालून मानेवर. नाकाची पट्टी एका हाताने चिमटू नका, मधोमध कोपरा होऊन फट पडते; दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. मग मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढी असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही.

आता भीतीचे प्रताप. आत सर्जिकल मास्क आणि वरून एन-९५ घातला, की कडाच चेहऱ्याला टेकत नाहीत. दोन थरांत संरक्षण घटतं. सॅनिटायझरचा फवारा तर त्याहून वाईट. कापडातले धागे विद्युतभारित असतात, बारीक कण मुख्यतः त्या भाराने पकडले जातात. अल्कोहोलने तो भार जातो, साबणाने धुतल्यानेही. मास्क दिसतो नवाकोरा, गाळतो कमी. तुटवडा असेल तर पाच मास्क पाच कागदी पिशव्यांत ठेवून आळीपाळीने वापरा, एका वापरानंतर किमान ७२ तास विश्रांती. प्लास्टिकची पिशवी नको, ओल राहते. एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा चढवू नका, पट्टे सैल पडतात. ओला झाला, मळला की लगेच टाका.

काढताना पुढच्या भागाला हात लावायचा नाही: ग्लोव्ह्ज आणि गाऊन आधी, मास्क शेवटी, तोही खोलीबाहेर. हात स्वच्छ करून खालचा पट्टा आधी, मग वरचा. गंमत अशी, की वॉर्डात नाकावरचा मास्क न हलवणारी मुलं कँटीनमध्ये तोच हनुवटीवर उतरवून, खेटून बसून चहा पितात. भीती पेशंटची असते, बंद खोलीतल्या हवेची नाही.

विकत घेण्याआधी कॉलेजकडे फिट टेस्ट मागा. डोक्यावर हूड घालून आत सॅकरिनचा गोड किंवा बिट्रेक्सचा कडू फवारा सोडतात, तुम्ही मान वळवता, वाकता, बोलता. आधी मास्कशिवाय चव कळते का ते पाहतात. मास्क घालूनही कळली, तर तो मॉडेल किंवा साइझ तुमचा नाही. टेस्टच्या आधी १५ मिनिटं काही खाऊ नका.